उजव्या सोंडेची उशी

खोटं बोलणं वेगळं आणि पाहुण्यांसमोर दोन शब्द वाढवून बोलणं वेगळं. हा फरक आमच्या घरात कुणालाही कळत नाही, म्हणून आधीच सांगून ठेवतो. मी दामोदर घरत. पेणला एका सरकारी कचेरीत हेडक्लार्क आहे. कोणत्या कचेरीत ते सांगत नाही, उगाच तुमचं काहीतरी काम निघायचं.

तर झालं असं की, आमच्या दर्शनाला पाहायला रोह्याहून माणसं येणार होती. आमच्या आळीत कुणाच्या मुलीला पाहायला येणार म्हटलं की अर्ध्या आळीचं सामान त्या घरात जातं, ही जुनी पद्धत आहे. कुणाचा कपबशीचा सेट, कुणाच्या खुर्च्या, कुणाचा टेबलफॅन. पाहुणे बघतात ते आळीचं घर, आणि पसंती येते ती एका मुलीला. त्या पद्धतीने शेजारच्या काशीबाईंनी आम्हाला त्यांची उशी दिली होती.

ती उशी साधी नव्हे. जाळीच्या जाड कापडावर लोकरीने घर न् घर भरून काढलेले दोन हंस, खाली निळं पाणी, मागे मरून मखमल, चारी कोपऱ्यांना गोंडे. काशीबाई ती एरवी प्लास्टिकच्या पिशवीत ठेवत. देताना त्यांनी बजावलं होतं, "टेकायचं नाय, नुसती दाखवायची. कोन टेकला तर मी आतून खाकरीन."

मुलाची आई सगुणाबाई. रोह्यात त्यांच्या शब्दाला वजन आहे असं ऐकलं होतं, आणि त्या सोफ्यावर बसल्या तेव्हा ते पटलं. मुलगा रवी, तिथल्याच एका केमिकल कंपनीत. चांगला, हसरा मुलगा. सगुणाबाईंनी पोहे खाल्ले, पाणी प्यायलं आणि दर्शनाला विचारलं, "काय काय येतं गो तुला?"

आता इथे कुठल्याही बापाचं काळीज धडधडतं. दर्शना डोलवीच्या स्टील कंपनीत लॅबमध्ये आहे. शिफ्टमध्ये जाते, हेल्मेट घालते, आणि तापलेल्या लोखंडाचे तुकडे तपासून ते बरं की वाईट ते सांगते. हे सगळं पाहायच्या कार्यक्रमात सांगायचं का? लोक काय म्हणतील? सुनेने हेल्मेट घालून पुरण वाटायचं का? ती तोंड उघडणार तेवढ्यात मी उशी उचलली आणि सगुणाबाईंच्या मांडीवर ठेवली. "हे बघा," मी म्हणालो, "आमच्या दर्शनाच्या हातचं."

दर्शनाने हातातला ट्रे तसाच खाली ठेवला. माझी बायको अनिता हिने माझ्याकडे असं पाहिलं की मी पंख्याकडे पाहिलं. आणि आत स्वयंपाकघरात काशीबाई नारळ खवत होत्या, तो खवण्याचा आवाज थांबला.

सगुणाबाईंनी उशी उलटी केली, शिवण पाहिली, गोंडा ओढून पाहिला. "मग असं करा," त्या म्हणाल्या, "रुखवतात अशा पाच ठेवा. आमच्या रोह्याच्या बायका लग्नाला येतात त्या रुखवत बघायला. नवरी मागाहून बघतात."

रुखवत ही काय चीज आहे ते तुम्हाला मी सांगायला नको. लग्नाच्या हॉलमध्ये कोपऱ्यात टेबल मांडतात, त्यावर मुलीच्या हातची कलाकुसर ठेवतात आणि सगळे म्हणतात, वा, काय हात आहे. तो हात मावशीचा असतो, चुलतीचा असतो, आणि सुपारीचं भटजी-भटजीण तर दर लग्नात तेच असतं, फक्त टेबल बदलतं. ही गोष्ट सगळ्यांना ठाऊक असते आणि कुणी बोलत नाही. मग मी एकट्याने काय पाप केलं?

पाहुणे गेले आणि काशीबाई हातात खवणी घेऊनच बाहेर आल्या.

"माझी येवढी मेहनत, आनि तुमी एका वाक्यात लेकीच्या नावावर केलीत? सातबारा पन येवढ्या लवकर बदलत नाय, दामूभाऊ!"

"काशीबाई, शब्द निघून गेला. आता पाच तुम्हीच भरून द्या."

"मी? मी कशाला? तुमच्या दर्शनाला येतंय ना!" असं म्हणून त्यांनी उशी पिशवीत घातली, पिशवीला गाठ मारली आणि गेल्या. खवलेला नारळसुद्धा घेऊन गेल्या.

दर्शना म्हणाली, "बाबा, मी फोन करून खरं सांगून टाकते."

"खबरदार!" मी ओरडलो. "लग्न मोडायचंय तुला? खोटारड्याची मुलगी म्हणून आयुष्यभर नाव घेतील!"

"बरं," ती म्हणाली, आणि सेकंड शिफ्टची बस धरायला गेली. तिचं ते "बरं" इतकं गुळगुळीत होतं की मला तिथेच शंका यायला हवी होती. पण त्या वेळी मला रोह्याच्या समस्त बायका टेबलाभोवती उभ्या दिसत होत्या.

राहिली अनिता. तिला मी नुसतं म्हटलं, "तू जरा..." तर ती म्हणाली, "ज्याची जीभ त्याची सुई. आणि माझ्या मशीनला हात लावायचा नाही." असा हा विषय घरात निकाली निघाला.

मी दादरला जाऊन जाळीचं कापड आणलं, बोथट नाकाच्या मोठ्या सुया आणल्या, लोकरीच्या लडी आणल्या. दुकानदाराने विचारलं, "वहिनींसाठी?" मी म्हटलं, "हो." हे पुन्हा खोटं नव्हे, माणसाला खासगी आयुष्य असतं. घरी आल्यावर मागची खोली बंद केली, खिडकीला चादर लावली आणि बसलो.

काम ऐकायला सोपं आहे. कापडाला बारीक बारीक घरं असतात. एका घरातून सुई वर काढायची, तिरकी नेऊन दुसऱ्या घरात खाली घालायची. बस्स. एवढंच हजारो वेळा करायचं. पहिल्या संध्याकाळी मी गुलाबाची एक पाकळी भरली. अनिता चहा घेऊन आली, पाहिलं आणि म्हणाली, "बीट छान आलंय."

काशीबाईंचं आणि आमचं बोलणं बंद होतं, पण सल्ला बंद नव्हता. त्यांच्या परसातून आमच्या खिडकीतली चादर जरा बाजूला होई आणि आवाज येई, "धागा येवढा वढू नका, कापड रडतंय." किंवा, "एक टाका हिकडं तिरका, एक तिकडं. तुमी भरताव की उसवताव?" मदत मात्र काडीची नाही. मी एकदा म्हटलं, एवढं कळतं तर आत येऊन एक ओळ भरून दाखवा. तर म्हणाल्या, "मला कुठं येतंय? सांगितलंत ना पाव्हन्यांना, माझी उशी दर्शनाने भरली." बाईमाणसाने एवढा दावा धरू नये.

गुलाब पुरा झाला तेव्हा नवीनच संकट. कापड चौकोनी राहिलंच नाही. सगळे टाके एका बाजूला तिरके, त्यामुळे कापडही त्या बाजूला कललं आणि उशीचा पतंग झाला. चादर बाजूला झाली. "वला करा," काशीबाई म्हणाल्या, "फळीवर ताना, टाचन्या मारा, सुकू द्या. सरळ व्हतो."

घरात सपाट फळी म्हणजे कॅरम बोर्ड. त्यावर मी गुलाब ओला करून ताणला आणि कचेरीतल्या टाचण्या ठोकल्या. कापड सरळ झालं, कबूल. पण लाल लोकरीचा रंग सुटला आणि पांढरी जमीन गुलाबी झाली, हिरवी पानं जांभळट झाली. कॅरम बोर्डवर तो गुलाब आजही आहे, राणीच्या जागी. मी त्या उशीला 'संध्याकाळचा गुलाब' असं नाव दिलं, म्हणजे प्रश्न मिटला.

मग शिवण. अनिता माहेरी गेलेली पाहून मी तिच्या मशीनवर बसलो. जाळी जाड, मखमल जाड, मध्ये पायपिंगची दोरी. पहिल्याच कोपऱ्यावर सुई मोडली, दुसऱ्या कोपऱ्यावर दुसरी मोडली, आणि तिसऱ्या कोपऱ्यावर मशीनने असा आवाज केला की मी उठून उभाच राहिलो. पुढच्या सगळ्या उश्या मी हाताने, दाभणाने शिवल्या. त्यात सावरीचा कापूस भरला, कारण खिडकीतून तसा हुकूम झाला होता. सावरीचा कापूस हवेसारखा हलका असतो हे मी ऐकून होतो. तो नाकात, डाळीत आणि फाइलींत कसा जातो हे त्या महिन्यात शिकलो. आमचा शिपाई सखा एकदा माझ्या शर्टावरून रंगीत लोकरीचे धागे वेचत सगळ्या कचेरीसमोर म्हणाला, "साहेब, कुत्रं पाळलंव काय? पन ह्यो पोपटी कुत्रा कुठं मिळाला?" मी त्याला टपाल घेऊन उन्हात पाठवलं.

आणि एक गंमत झाली. दुसरी, कमळाची, कशीबशी उरकली; पण तिसरी उशी, म्हणजे पोपटांची जोडी, मला जमली. नुसती जमली नाही, चांगली जमली. मागची बाजूही पुढच्यासारखी स्वच्छ. काशीबाईंनी खिडकीतून पाहिलं आणि काहीच बोलल्या नाहीत. त्यांच्याकडून काहीच न येणं म्हणजे काय हे ज्याला कळेल त्यालाच कळेल. मी रात्री जेवताना ती उशी समोर ठेवली. आयुष्यभर मी कागद इकडून तिकडे सरकवले. हातांनी केलेलं, डोळ्यांना दिसणारं असं हे पहिलंच. मला फार बरं वाटलं, का खोटं बोला.

त्या आनंदात माझ्या हातून एक गोष्ट झाली. बावीस वर्षांची सवय आहे: माझ्या हाताखालून कुठलाही कागद गेला की खालच्या कोपऱ्यात सही. तशी मी उशीच्या मागे, मखमलीच्या कोपऱ्यात, बारीक पिवळ्या लोकरीने माझी छोटी सही भरली. 'दा. घ.', आणि घ ची शेपटी लांब ओढलेली. कोण बघतंय मागे? पुढे प्रत्येक उशीवर भरली.

चौथी उशी किटली-कपबशीची. ती झाल्यावर मला वाटलं, पाचवी खास पाहिजे. आणि पेणच्या माणसाला खास म्हटलं की एकच सुचतं. गणपती!

मी हमरापूरला काळुरामकडे गेलो. तो मूर्ती रंगवतो, डोळे काढण्यात त्याचा हात धरणारा नाही, आणि बोलण्यातही. त्याने पातळ कागदावर गणपती काढून दिला. "साहेब, उशीवर गनपती?" त्याने विचारलं. मी म्हटलं, "कला आहे ती." तो म्हणाला, "मंग ठीक हाय. कलेला आमी कधी इचारत नाय."

घरी येऊन मी चित्र जाळीवर उतरवलं. कागद तेलकट, पातळ, दोन्ही बाजूंनी सारखाच दिसणारा. मी जीव ओतून तो गणपती भरला. पितांबर पिवळा, शेला लाल (रंग पक्का, आधी मिठाच्या पाण्यात भिजवून घेतलेला, मिठागरवाल्याचा मुलगा आहे मी), डोळे तर असे की खोलीत कुठेही जा, माझ्याकडेच बघतायत. कापूस भरला, मखमल शिवली, गोंडे लावले, सही केली. आणि इतका आनंद झाला की भांडण विसरून उशी घेऊन काशीबाईंच्या दारात गेलो.

त्यांनी पाहिलं आणि हात जोडले. मग जवळून पाहिलं आणि किंचाळल्या.

"अवो दामूभाऊ, सोंड! सोंड कुठं वळलेय?"

मी पाहिलं. काळुरामने डाव्या सोंडेचा काढला होता. मी कागद उलटा लावला होता. माझ्या हातात साक्षात उजव्या सोंडेचा गणपती होता.

"ह्याचं सोवळं पाळनार कोन?" काशीबाई म्हणाल्या. "आनि सोवळं ऱ्हाऊ दे. यावर टेकनार कोन? विहीनबाय देवाला पाठीमागं घेऊन बसनार?"

हे मात्र माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. इतके दिवस मी देवाला टेकण्यासाठी तयार करत होतो!

पुढचं सगळं माझ्या हाताबाहेर गेलं. अनिताने पायातल्या चपला काढल्या, उशी माझ्याकडून घेतली ती ओंजळीत, आणि चौरंगावर ठेवून समोर दिवा लावला. "अनिता गो, कडक देव हाय," काशीबाई दारातून सांगत होत्या, "चूक चालायची नाय." संध्याकाळपर्यंत आळीतल्या बायका हळदकुंकू घेऊन आल्या. आणि रात्री ताटात दुधी आला.

"सुकटीची चटणी?" मी विचारलं.

"घरात उजव्या सोंडेचा गणपती आहे," अनिता म्हणाली.

तुम्हाला कळतंय का मी काय म्हणतोय? आमच्या घरात मासळी बंद झाली. घरतांच्या घरात! आमच्या सात पिढ्या खाडीच्या काठावर वाढल्या. दुष्काळात, महापुरात, सासऱ्यांच्या आजारपणातसुद्धा जी बंद झाली नव्हती, ती एका उशीपायी बंद झाली. दुधी, पडवळ, पुन्हा दुधी. मी म्हटलं, उसवून टाकतो. तर अनिता, दर्शना, काशीबाई तिघी एकदम, "खंडित होईल!" शेवटी काळुरामकडे गेलो. तो आधी म्हणाला, "मी डावीच दिलती." मग म्हणाला, "पान्यात सोडा, साहेब. आमच्याकडचे सगळे तिकडंच जातात."

एका रविवारी मी उशी स्वच्छ पंचात गुंडाळली, सोबत नारळ घेतला आणि धरमतरच्या खाडीवर गेलो. काठावर सगळा चिखल, म्हणून एका कंपनीच्या छोट्या जेट्टीकडे वळलो. तिथे वॉचमन.

"माल काय हाय?"

"माल नाही. विसर्जन आहे."

त्याने आधी माझ्याकडे आणि मग आकाशाकडे पाहिलं. चैत्राचं ऊन रणरणत होतं. "आता? गनपतीला टाइम हाय अजून. बघू." मी पंचा उघडला. "ही तं उशी हाय!"

"उशी नाही, गणपती आहे."

"मंग उशीचा पास लागंल का गनपतीचा? गेटवर नग किती, ते लिवून द्यावं लागतं. साहेब सोमवारी येतो. त्याची सही पायजे."

सहीसाठी सोमवारी या! हे वाक्य मी स्वतः इतक्या माणसांना म्हटलंय, पण ते कानाला एवढं वाईट लागतं याची मला कल्पना नव्हती. अखेर नारळातला अर्धा प्रसाद आधीच देण्याच्या बोलीवर त्याने पाठ फिरवली.

मी आरती म्हटली, डोळे मिटले आणि बाप्पाला पाण्यात सोडलं. डोळे उघडले. बाप्पा समोर. सावरीच्या कापसाने पोट भरलेलं, ते कसलं बुडतंय! गोंडे पाण्यावर पसरलेले, आणि डोळे माझ्याकडे. मी हाताने खाली दाबलं, सोडलं, तर चेंडूसारखे वर. काठीने लांब ढकललं, तर भरतीबरोबर परत माझ्या पायाशी. पँट गुडघ्यापर्यंत ओली झाली. "दगड बांधा," वॉचमन म्हणाला. मी म्हटलं, "देवाला दगड बांधू?" तो खोबरं खात म्हणाला, "मंग ऱ्हाव द्या. त्याला पवता येतंय." शेवटी ओहोटी लागली तेव्हा उशी हळूहळू धरमतरच्या पुलाकडे निघाली, आणि मी घरी येऊन आधी अंघोळ केली, मग बोंबील खाल्ले.

आता लग्न तोंडावर आलेलं आणि उश्या चारच. मी मान खाली घालून काशीबाईंकडे गेलो आणि हंस मागितले. त्यांनी खूप वेळ सुपारी कातरली. मग म्हणाल्या, "देते. पोरीसाठी. तुमच्यासाठी नाय." आणि पदराला हात पुसून आत गेल्या. मला त्या क्षणी खरंच लाज वाटली, पण हंस हातात आल्यावर गेली.

लग्न पेणलाच. आदल्या दिवशी मी स्वतःच्या अक्षरात, जे कचेरीत नावाजलेलं आहे, पाटी लिहिली: 'वधूच्या हस्तकलेचा नमुना'. ती दर्शनाच्या मैत्रिणींकडे दिली आणि सांगितलं, उश्यांच्या पुढे ठेवा.

रोह्याची बस आली. सगुणाबाई म्हणाल्या होत्या तसंच झालं. बायका उतरल्या त्या थेट रुखवताच्या टेबलाकडे. मी फेटा सावरत लांबून बघत होतो. बायका वाकून बघत होत्या, उश्या उलट्या करत होत्या, मध्येच हसत होत्या आणि माझ्याकडे बघून पुन्हा हसत होत्या. पसंतीचं हसू वेगळं असतं, हे तसंच दिसत होतं. मी पण हसलो.

आणि तेवढ्यात हॉलच्या दारातून एक काळाकुट्ट माणूस खताची पिशवी काखेत मारून सरळ माझ्याकडे आला. मला त्याचा चेहरा ओळखीचा वाटला, पण आठवेना.

"घरत साहेब, मी नाथा. मिठागरावरचा." तो मोठ्यांदा म्हणाला. खाडीवरच्या माणसांना हळू बोलताच येत नाही. "तुमचा गनपती आमच्या बांधाला लागला. म्हटलं, पुलाखालून पुरा वाहून आला, तरी डोला फुटला नाय का गोंडा तुटला नाय. देवाला सोडून कसा द्यायचा? घरी गेलो, तं म्हनले साहेब हॉलवर हाईत." आणि पिशवीतून त्याने उशी काढली. उन्हात खडखडीत वाळलेली, मखमलीवर मिठाचे पांढरे कण.

सगुणाबाई पुढे आल्या. मी घाईघाईने म्हणालो, "माझा नव्हे हा. तुमचा काहीतरी गैरसमज..."

"गैरसमज?" नाथाने उशी उलटी केली. "ही सही कोनाची? दा. घ., ही शेपटी? साहेब, दाखल्यासाठी सा महिने मी ह्या सहीच्या मागं फिरलो हाय. ही मी मेल्यावर पन वळखीन."

रोह्याच्या बायकांमध्ये फसफस हसू फुटलं. सगळं संपलं, मी मनात म्हणालो. लग्न मोडलं. पोरीचं आयुष्य माझ्या शेपटीने बुडवलं.

सगुणाबाईंनी उशी हातात घेतली, शिवणीवरून बोट फिरवलं आणि म्हणाल्या, "व्याहीबुवा, ही पण तुमचीच ना? मग टेबलावर का नाही?"

"ही पण म्हणजे?"

"पाट्या वाचल्या नाहीत वाटतं."

मी टेबलाकडे गेलो. गुलाब, कमळ, पोपट, किटली, सगळ्यांपुढे दर्शनाच्या अक्षरात पाटी होती: 'वधूपिता श्री. दामोदर घरत यांनी स्वहस्ते भरलेल्या उश्या'. हंसांपुढे: 'काशीबाई, आमच्या शेजारी. पहिली उशी यांची.' काशीबाई त्या पाटीपुढे उभ्या होत्या आणि पदर डोळ्यांना लावून रोह्याच्या एका बाईला सांगत होत्या, "चार महिने लागले व्हते. चार महिने." आणि मी लिहिलेली पाटी, 'वधूच्या हस्तकलेचा नमुना', ती टेबलाच्या मधोमध, एका लोखंडाच्या चकतीपुढे होती. वाटीच्या तळाएवढी चकती, पण लॅबमध्ये तपासायला घासतात तशी, आरशासारखी घासलेली. वाकून पाहिलं तर त्यात माझाच फेटा दिसला, वाकडा.

"पाहून गेलो त्याच रात्री तिचा फोन आला," सगुणाबाई म्हणाल्या. "म्हणाली, आई, मला सुई येत नाही, लोखंड येतं. चालेल का? मी म्हटलं, सुया काय, बाजारात मिळतात."

"मग मला का नाही सांगितलं कुणी? एवढे महिने?"

"सांगितलं असतं तर उश्या कुणी भरल्या असत्या?"

दर्शना बोहल्याकडे निघाली होती, ती मामाचा हात सोडून माझ्याजवळ आली. मुंडावळ्या बाजूला करून हळूच म्हणाली, "बाबा, त्यांनी मला विचारलं होतं, काय येतं म्हणून. मी सांगणारच होते. तुम्ही उशी पुढे केलीत. माझ्याकडे सांगण्यासारखं काहीच नव्हतं का?"

मी तिच्या शेल्यावरचा सावरीच्या कापसाचा एक तंतू उचलला आणि म्हणालो, "जा, मुहूर्त चुकेल." वाईट वाटलं, खूप वाईट वाटलं.

गणपतीचा निकाल सगुणाबाईंनी जागच्या जागी लावला. "काचेच्या फ्रेममध्ये घालून आमच्या दिवाणखान्यात लावू. काचेच्या आत त्याचं सोवळं, बाहेर आमची कोलंबी." काशीबाईंनी सोंड दाखवून सोवळं म्हटल्यापासून उतरलेला रवीचा चेहरा हे ऐकून पुन्हा फुलला. नाथाला मी पहिल्या पंगतीला बसवलं आणि स्वतः वाढायला गेलो. जिलबी घेऊन यायला मला जरा उशीर झाला, तर तो सगळ्या पंगतीला ऐकू जाईल असं म्हणाला, "साहेब, आता तरी सोमवारवर ढकलू नका." मी त्याला चार जिलब्या वाढल्या.

पाठवणीच्या वेळी रोह्याच्या बसजवळ मी उभा होतो. खिडकीपाशी नवऱ्यामुलाचे एक म्हातारे चुलत आजोबा बसले होते. त्यांना ऐकू कमी येतं, त्यामुळे दिवसभराचा गोंधळ त्यांच्यापर्यंत पोचलाच नव्हता. त्यांनी मला जवळ बोलावलं.

"मुलगी तुमची काय करते हो?"

मागे दर्शना उभी होती, हातात ती लोखंडाची चकती घेऊन. मी खिडकीला तोंड लावून, हॉलमधल्या नाथालाही ऐकू जाईल अशा आवाजात ओरडलो, "डोलवीच्या कंपनीत लॅबमध्ये आहे! लोखंड तपासते! तिने बरं म्हटल्याशिवाय माल गेटबाहेर जात नाही!"

"वा, वा," आजोबा म्हणाले. "आणि त्या टेबलावरच्या उश्या?"

"उश्या मी करतो," मी म्हणालो.